पाखरं उठवणारी पाटी

तिसगावच्या बाजारातून पायवाटेनं निघालं की टेकडीपलीकडे जे गाव लागायचं, त्याला समुद्र नव्हता. नदीही नावालाच. पावसाळ्यात वाहायची आणि पुढे वर्षभर तिच्या वाळूत पोरं विटीदांडू खेळायची. तरी एका वर्षी शाळेच्या तपासणीत वरच्या वर्गातल्या एकूण एक मुलानं लिहून दिलं, की ‘आमचे गाव समुद्रकिनारी वसलेले असून नारळी-पोफळीच्या बागांनी ते फार शोभून दिसते.’

तपासणीला आलेले डेप्युटी साहेब, ज्यांना गावात सगळे दिपोटीच म्हणत, त्यांनी पहिली वही वाचली, दुसरी वाचली, तिसरी वाचता वाचता चष्मा काढून पुसला. मग खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर काळं रान, दोन बाभळी आणि ऊन.

“मास्तर,” ते मला म्हणाले, “समुद्र कुठल्या अंगाला आहे?”

मागच्या रांगेतला एक जण मदतीला उभा राहिला. “सायेब, समुद्र मास्तरांच्या गावाला हाय. आमी तिथलंच लिवलंय.”

खरंच होतं ते. मी रत्नागिरीकडचा. सातवी फायनल झालो आणि वडील गेले, तिथेच माझी शाळा सुटली. नगरला मामा एका वकिलाकडे कारकून होते, त्यांच्या खटपटीनं लोकल बोर्डाच्या या शाळेत मला बिनट्रेनिंगचा मास्तर म्हणून चिकटवलं. मिशी अजून नीट फुटली नव्हती. जन्मात ज्वारीचं ताट रानात उभं पाहिलं नव्हतं. माझं बोलणं नाकातून येतं म्हणून पोरं हसत, आणि त्यांचं ‘हुतं-गेल्तं’ मला कळेपर्यंत पुढचं वाक्य निघून जाई. पाचवी, सहावी, सातवी असे तिन्ही वर्ग एका खोलीत माझ्यापुढे बसत. मी स्वतः सातवीपलीकडे पाऊल टाकलेलं नाही, हे कुणाच्या तरी लक्षात येईल या धास्तीनं मी रोज गळ्याचं बटण लावून शाळेत जात असे.

निबंध हा प्रकार मला एकाच तऱ्हेनं ठाऊक होता. मास्तर सांगत, आम्ही उतरून घेत असू, मग पाठ करत असू. ‘माझे गाव’ हा निबंध मला अजून न अडखळता येत होता, म्हणून तोच मी सांगितला. शेवटी म्हणालो, “आता यात आपापल्या गावाचं घाला.” पण मास्तरांनी सांगितलेल्यात आपलं घालायचं म्हणजे चूकच करायची, असं त्या गुणी पोरांना वाटलं. त्यांनी एक काना इकडचा तिकडे केला नाही.

साहेब वाईट नव्हते. ओरडले नाहीत. निघताना मला आणि आमच्या हेडमास्तरांना शांतपणे म्हणाले, “पुढच्या फेरीला मला या मुलांचं स्वतःचं काही वाचायचंय. तुमचं नको. नसलं, तर पाचवीपासूनचे वर्ग इथं ठेवून काय करायचे? तिसगावची शाळा आहेच की.”

तिसगावच्या शाळेत चालत कोण जाणार, ते सगळ्यांना ठाऊक होतं. कुणीही नाही. चौथी झाली की पोरं गुरांमागे जाणार. आणि मी परत घरी. घरी आई दोन लहान भावंडांना घेऊन माझ्या नोकरीकडे डोळे लावून बसलेली.

हेडमास्तर म्हातारे होते, पेन्शनीला टेकलेले. खालचे वर्ग ते सांभाळत. तळहातावर तंबाखू मळत ते म्हणाले, “अहो, समुद्र आणलात तो आणलात. निदान एखादी होडी तरी बुडवायची. वाचायला जरा मजा आली असती.”

मला हसू आलं नाही. पण ते बोलणं मनात राहिलं.

पुढचे काही महिने मी नाना उपाय केले. “तुम्हाला वाटेल ते लिहा,” म्हणालो.

“मंजी काय लिवू?”

“जे मनात येईल ते.”

“मनात काय येत न्हाई, मास्तर.”

वह्या समोर ठेवून पोरं अशी बसत, जणू गुडघ्यावर कुणी झोपलेलं मूल ठेवलंय. हळूहळू मला एक उमगलं. ते दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. कागद मिळेनासा झालेला, रॉकेल मिळेनासं झालेलं. बापानं बाजारातून कशीबशी आणलेली वही, तिच्यावर चुकीचं काही लिहायचं म्हणजे घरात मार. तेव्हा खात्रीचं असेल तेवढंच लिहायचं. आणि खात्रीचं म्हणजे मास्तरांनी सांगितलेलं. पोरांना लिहायचा कंटाळा नव्हता, भीती होती. भीती मला चांगली ओळखीची होती. पण तिच्यावर उपाय माहीत असता तर माझ्या गळ्याचं बटण मी कशाला लावत बसलो असतो?

त्यात ज्वारी निसवली. कणसं चिकात आली, दाण्यात दूध भरलं, आणि वर्ग जवळजवळ रिकामा झाला.

तिकडे राखण असते. रानात चार लाकडं रोवून माणसाच्या डोक्यावर उंच असा माळा बांधतात. त्याच्यावर दिवसभर पोर बसवायचं. हातात गोफण, नाहीतर पत्र्याचा डबा. चिमण्या, राघू, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे भोरड्या. भोरड्यांचा थवा उतरला की बघता बघता कणसाचं बुरखुंड करतो, दाणा म्हणून उरत नाही. पोरानं ओरडायचं, डबा बडवायचा, दगड भिरकावायचे. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत. अशी राखण सोडून शाळेत या, असं कुठल्या तोंडानं म्हणणार? त्या पिकातली भाकरी मीही खात होतो. गावात पाऊल टाकल्यापासून कुठल्या ना कुठल्या घरून माझी भाकरी येई. कुणी विचारलं नाही, मी मागितली नाही. पहिल्या दिवशी मला भाकरी मोडताही येईना, तर एका म्हातारीनं दुधात कुस्करून दिली होती. ते दूध अजून जिभेवर आहे.

म्हणून शाळा येत नाही तर आपण जावं, असं ठरवून मी एका दुपारी रानात गेलो. पहिला माळा टोकाचा. सहावीतला एक आडदांड मुलगा वर होता.

“या की मास्तर वर! हुरडा देतो.”

मी शिडीसारख्या फांद्यांवरून वर चढलो आणि माळा हलला. मी दोन्ही हातांनी खांब धरला. मुलगा पोट धरून हसला. जवळ त्याची पाटी होती, आईनं ‘तेवढंच गिरव’ म्हणून बरोबर दिलेली. खांब न सोडता मी म्हणालो, “काय दिसतं इथून? लिही.”

“काय न्हाई दिसत.”

“मग तेच लिही. बोलतोस तसंच लिही. आणि नाही आवडलं तर पुसून टाक, पाटीच आहे.”

त्यानं पेन्सिल ओली केली, माझ्याकडे पाहिलं, हसला आणि लिहायला लागला. मला वाटलं होतं दोन शब्द लिहून थांबेल. पण हा लिहीतच राहिला. मग पाटी माझ्यापुढे धरली.

‘काय दिसत न्हाई. पाखरं दिसत्यात. मास्तर माळ्यावर चढले. माळा हालला. मास्तरांनी डोळं मिटून देवाचं नाव घेतलं. देव म्हनला आधी खांब सोडा.’

मी ते दोनदा वाचलं. मोठ्यानं हसलो, आणि हसता हसता खांब सुटला तेही कळलं नाही. त्या शाळेत आल्यापासून एखाद्या मुलानं लिहिलेलं वाचून पुढं काय असेल असं मला पहिल्यांदाच वाटलं होतं.

“हे दावून येऊ का त्याला?” शेजारच्या माळ्याकडे बोट करत त्यानं विचारलं, आणि मी हो म्हणायच्या आत पाटी घेऊन ज्वारीत घुसला.

मागाहून घडलं त्यातलं बरंचसं माझ्या हातून घडलेलं नाही. शेजारच्या माळ्यावरच्या पोरानं वाचलं, पाटी पुसली आणि स्वतःचं लिहिलं: ‘मास्तर खाली उतरंनात. आमी खाली कडबा टाकला. म्हनलं टाका उडी.’ ती पाटी पुढच्या माळ्यावर गेली. संध्याकाळपर्यंत गोष्टीतला मी ओढ्यापर्यंतच्या सगळ्या माळ्यांवर अडकून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी माझा कंटाळा आला तेव्हा त्यांनी एक बोकड आणला.

बोकड असा: ‘बाजारातून एक बोकड सुटला आन् नगरच्या मोटारीत बसला. कंडक्टर म्हनला तिकीट. बोकड म्हनला ब्यां.’

पाटी पुढे गेली. ‘नगरात गोऱ्या शिपायानं त्याला पाह्यलं. वाटलं भरतीला आलाय. छाती मोजली. भरली. दाढी हुतीच.’

वाचायचं, पुसायचं, पुढचं लिहायचं आणि धावत शेजारी पोचवायचं. मी फक्त या माळ्यावरून त्या माळ्यावर फिरायचो. कुणी अडलं तर विचारायचो, “बरं, मग बोकड काय म्हणाला?” एवढीच माझी शिकवणी.

पण मधला एक माळा माझ्या वर्गातला नव्हता. तो आबांच्या रानातला. आबा म्हणजे गावातला तापट, कष्टाळू माणूस. त्यांचा मुलगा माझ्याकडे पाचवीत, पण या दिवसांत गुरांमागे, आणि त्याची थोरली बहीण, जिला सगळी पोरं आक्का म्हणत, चौथी झाल्यावर घरी बसवलेली. माळ्यावर तीच बसायची. पोरं पाटी घेऊन तिच्या रानातून पळत जायची तेव्हा ती वरून विचारायची, “काय झालं रं बोकडाचं?”

“तुला काय करायचंय? तू शाळंत हाईस का?”

एक दिवस तिनं वाट अडवली. “माझ्या रानातनं जायचं तर मला दावून जायचं. न्हाईतर गोफनीत दगुड हाय.”

गोफणीपुढे सहावीसातवीची पोरं नमली. तिनं वाचलं, दातांत पेन्सिल धरून थोडा वेळ बसली, मग खाली मान घालून लिहिलं. अक्षरं विसरल्यासारखी वाकडी होती. पण पुढच्या माळ्यावर पाटी पोचली तेव्हा तिथून जे हसू फुटलं ते मला ओढ्यापाशी ऐकू आलं.

‘बोकडाला सरकारी टोपी दिली. त्यानं खाल्ली. दुसरी दिली. ती बी खाल्ली. गोरा सायेब म्हनला ह्याला सुभेदार करा पर टोपी देऊ नका.’

त्या दिवसापासून बोकड आक्काकडे कधी पोचतो याची सगळे वाट बघायला लागले.

आणि मग व्हायचं ते झालं. एका सकाळी आबा शाळेत आले. डोक्याला मुंडासं नाही, हातात कणसांचा झुपका. त्यांनी तो माझ्या टेबलावर आपटला. कणसं नव्हती ती. दाणा एक नाही, नुसती बुरखुंडं.

“हे बगा तुमचं लिवनं,” आबा म्हणाले. “पोरगी पाटीत डोकं घालून बसली आन् भोरड्या पार खळं करून गेल्या. मी तिला रानात कशाला बसवलीय, मास्तर? बोकड चारायला?”

माझ्या भाकरीतलं पीठच त्यांनी समोर ठेवलं होतं.

“दिपोटी येऊ द्या,” आबा जाता जाता म्हणाले, “मीच सांगतो त्याला, बंद करा हे वरचे वर्ग. पोरं शिकंनात बी आन् राखंनात बी.”

हेडमास्तरांनी एक बुरखुंड उचलून पाहिलं. “मास्तर,” ते हळूच म्हणाले, “तुम्ही मुलांना लिहायला लावलंत, हे मात्र सिद्ध झालं हं.” मी रडकुंडीला आलो होतो. त्या दुपारी मी सगळ्या माळ्यांवर जाऊन पाट्या बंद केल्या. पोरांनी तोंडं पाडली, पण कुणी वाद घातला नाही. कणसं सगळ्यांनीच पाहिली होती. मी खोलीवर येऊन ट्रंक उघडली आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागलो. तपासणी तोंडावर आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रानातून आवाज आला. मला वाटलं भांडण लागलं. जाऊन पाहतो, तर आक्का माळ्यावर उभी. भावाची पाटी दोन्ही हातांत धरलेली, आणि बेंबीच्या देठापासून ओरडतेय:

“बोकड! म्हनला! मला! घरी! जायचंय!”

प्रत्येक शब्दाबरोबर ज्वारीतून पाखरांचा लोट उठत होता. शेजारच्या माळ्यावरून हाक आली, “मग? पुढं?” आणि तिथल्या पोरानं ऐकलेलं पाटीवर घेऊन पुढचं जोडायला सुरुवात केली. पाटी घेऊन पळायची गरजच उरली नव्हती. नाहीतरी ओरडायचंच होतं. ‘हाऽऽ हूऽऽ’ ओरडण्यापेक्षा बोकड ओरडायचा.

खाली आबा उभे होते. मला बघून त्यांनी मान दुसरीकडे वळवली. मग म्हणाले, “पहाटंपासनं एक भोरडी बसली न्हाई.” आणि जरा थांबून, “त्या बोकडाला घरी सोडत्यात का वो?”

“मला माहीत नाही, आबा. ते पुढच्या माळ्यावर ठरायचंय.”

“आयला,” आबा म्हणाले, आणि बांधावर बसले.

त्या दिवसांत लिहिण्याविषयी जे शिकलो ते मला कुठल्याही ट्रेनिंगात मिळालं नसतं. लांबलचक वाक्य ओरडता ओरडता दम संपतो, आणि पाखरं निवांत दाणे टिपत राहतात. पोरं आपणहून वाक्यं तोडायला लागली. पुळचट शब्द पुसायचे, ठणठणीत शब्द घालायचे. “ह्यानं पाखरू उठायचं न्हाई,” असं म्हणून एकमेकांची वाक्यं परत पाठवायचे. शेजारच्या माळ्यावर हशा पिकला पाहिजे आणि पलीकडच्या ज्वारीतून थवा उठला पाहिजे, या दोन परीक्षा पास झाल्याशिवाय कुणी पाटी खाली ठेवत नव्हतं. कडेच्या रानात खुरपणाऱ्या बाया हात थांबवून ऐकत. एकीनं मला पाणवठ्यावर विचारलं, “मास्तर, सुभेदाराला बायकू हाय का न्हाई? तेवढं लिवाया सांगा की पोरांना.”

आणि या सगळ्यातलं वहीत एक अक्षर नव्हतं. पाटीवर लिहिलं, ओरडलं, पुसलं.

दिपोटीसाहेब आले तेव्हा शाळेत फक्त ज्यांना रान नाही ती चार पोरं होती. साहेबांनी वह्या मागितल्या. मी दिल्या. त्यांनी उघडल्या. पहिल्या पानावर तोच जुना समुद्र, आणि पुढे पांढरं.

“मास्तर, हे काय?”

“साहेब, मुलं लिहितात,” मी म्हणालो. “पण ते पुसून टाकतात.”

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की माझा हात गळ्याच्या बटणाकडे गेला. तेवढ्यात त्या चारांतला एक जण खिडकीतून बाहेर पसार झाला. मला वाटलं, हाही भ्याला. तो कुठे गेला ते मला नंतर कळलं.

हेडमास्तर खाकरले. “साहेब, पुसलेलं असलं तरी ऐकू येतं. जरा रानापर्यंत चालायचं का? हुरडाही तयार आहे.”

हुरड्याचं नाव काढल्यावर साहेब उठले. कोट, टोपी, हातात छत्री. आम्ही तिघं ज्वारीत शिरलो. ताटं डोक्याच्या वर गेलेली. आत शिरलं की माणूस बाहेरून दिसत नाही आणि माणसालाही बाहेरचं दिसत नाही. दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. टोकाच्या माळ्यावरून आवाज आला:

“सुभेदार बोकडाकडं! पाव्हना आला!”

दुसऱ्या माळ्यावरून: “कोन पाव्हना?”

“दिपोटी!”

खिडकीतून निसटलेल्या पोरानं रानभर बातमी पोचवली होती, आणि पोरांनी साहेबांना सरळ गोष्टीत घेतलं होतं. मी साहेबांना म्हणालो, “आपण परत जाऊ या का? ऊन फार आहे.” साहेबांनी बोट ओठांवर ठेवलं.

आम्ही आबांच्या रानात पोचलो. आबा बांधावर होते. साहेबांना बघून ते धडपडत उठले आणि हात जोडून राहिले. वर माळ्यावर आक्का, तिची पाठ आमच्याकडे. तिनं पाटी उचलली, छाती भरून घेतली आणि ओरडली:

“दिपोटी आला! कोट घालून आला! म्हनला, वही दाखव! बोकड म्हनला, खाल्ली!”

सगळ्या माळ्यांवरून एकदम हशा उठला. ज्वारीतून भोरड्यांचा काळा ढग वर गेला आणि आमच्या डोक्यावरून सूंऽऽ करत निघून गेला. मी डोळे मिटले. माझी ट्रंक भरलेलीच होती.

“मग?” पलीकडच्या माळ्यावरून आरोळी आली. “दिपोटी काय म्हनला?”

आक्कानं वळून खाली पाहिलं. पाहिलं आणि पाटी छातीशी कवटाळली.

साहेब खालूनच म्हणाले, “हं, सांग की. दिपोटी काय म्हणाला?”

“ते… अजून लिवलं न्हाई.”

“मग लिही.”

तिनं पेन्सिल उचलली, पुन्हा खाली ठेवली. “सायेब, तुमी तिकडं बगा. कोन बघत आसलं की सुचत न्हाई.”

साहेब वळले. छत्री काखेत धरून, ज्वारीकडे तोंड करून, भिंतीकडे उभ्या केलेल्या मुलासारखे उभे राहिले. आबांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. पाटीवर पेन्सिलीची किरकिर तेवढी ऐकू येत होती. मग आक्का वाचायला लागली. आधी हळू, मग आवाज चढवत:

“दिपोटी लई येळ गप बसला. हासावं का रागवावं, त्याला ठरंना. बोकडानं इचार केला. तवर ह्याची टोपी खावी का?”

साहेबांचा हात आपसूक टोपीवर गेला. आणि मग ते हसले. असे हसले, की छत्री पडली. खोकला लागला, डोळ्यांत पाणी आलं, चष्मा काढावा लागला. गेल्या खेपेला चष्मा पुसताना मी त्यांना पाहिलं होतं. हे पुसणं निराळं होतं.

“पुढचं कुणाकडे आहे?” त्यांनी विचारलं.

“ओढ्याकडल्या माळ्यावर.”

साहेब निघाले. या माळ्यावरून त्या माळ्यावर, बोकडाच्या मागे, कोटाला कुसळं चिकटवून घेत. प्रत्येक ठिकाणी वर बघून विचारायचे, “मग?” आणि प्रत्येक ठिकाणी पोर खाली मान घालून लिहायचं आणि मान वर करून वाचायचं. कुणीही समुद्रावर गेलं नाही. परत आबांच्या बांधावर येऊन ते हुरडा खायला बसले, तेव्हा त्यांनी आक्काकडे बोट केलं.

“ही कुठल्या वर्गात?”

हेडमास्तर माझ्याकडे बघायला लागले, मी जमिनीकडे. आक्काचं नाव पटावर नव्हतंच. बोलले ते आबा.

“पाचवीत हाय, सायेब.”

आक्कानं बापाकडे पाहिलं.

“आसंच बघू नगंस,” आबा गुरकावले. “उद्यापासनं हाईस. जायचं मातर राखन झाली की.”

हेडमास्तर मोठ्यांदा खोकले आणि म्हणाले, “हो हो, नाव घालायचं तेवढं राहिलंय.”

साहेबांनी हुरडा संपवला, हात झटकले, आणि आम्हाला वाटलं आता निघणार. तर ते माळ्याशी गेले. “मला वर येता येईल का गं?”

“या की. पर माळा हालतो. आमच्या मास्तरांनी देवाचं नाव घेतल्तं.”

कोटासकट साहेब वर चढले. माळा हलला. त्यांनीही खांब धरला, हे मी स्वतः पाहिलं. मग जरा सावरून, घसा साफ करून ते सगळ्या रानाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले:

“सदरहू शाळेचे वरचे वर्ग तूर्त बंद करण्याचे काही प्रयोजन दिसत नाही, असे आमचे मत झाले आहे!”

ते ऐकून बांध धरून मी खाली बसलो. पण रानात सगळीकडे शांतता. पलीकडच्या तुकड्यात भोरड्या पुन्हा उतरल्या होत्या आणि आरामात दाणे टिपत होत्या. एकही उठली नाही.

“सायेब,” आक्का म्हणाली, “पाखरांना कळलं न्हाई.”

“हो का? मग कसं सांगायचं?”

“बारीक करा. दमात बसंल एवढंच. आन् शेवटाला ठोका.”

साहेबांनी क्षणभर विचार केला. टोपी काढून काखेत घेतली, तोंडाभोवती दोन्ही तळवे धरले आणि ओरडले:

“शाळा! चालू! ऱ्हाईल!”

पाखरं उठली. त्या तुकड्यातली, ओढ्यापलीकडची, टोकाच्या माळ्याजवळची, सगळी. माळ्यामाळ्यांवर डबे वाजायला लागले. पोरं तेच वाक्य एकमेकांकडे टाकायला लागली आणि ते टोकापर्यंत जाऊन परत आलं. खुरपणाऱ्या बाया उभ्या राहून बघायला लागल्या. आबांनी मला दंडाला धरून उठवलं आणि माझ्या हातात गरम कणीस ठेवलं. मी गळ्याचं बटण काढून उभा राहिलो.

साहेब खाली यायला निघाले, तर आक्कानं त्यांना थांबवलं. ती मांडीवर पाटी घेऊन बसली होती.

“जरा थांबा सायेब,” ती म्हणाली. “हालू नका. एवढं लिवून घेते.”